मितभोजन, परिश्रम आणि आरोग्याचा मध्यम मार्ग

संस्थेच्या स्मरणिकेत संस्थापकांचे स्मरण होते, गुणवंतांचा गौरव होतो, इमारतींचा आणि निकालांचा आढावा घेतला जातो. हे सर्व उचितच आहे. तथापि या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेल्या पिढ्यांच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, हा प्रश्नही या निमित्ताने विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या आकड्यांत आपली माणसेही आहेत. कचेरीत, बँकेत, शाळेत मानाने नोकरी करणारे आपले बंधू-भगिनी पन्नाशीच्या आतच गोळ्यांच्या डबीला बांधले जात आहेत. शिक्षणाने जे मिळवून दिले, ते उपभोगण्यास शरीर साथ देत नसेल, तर ती केवळ एका कुटुंबाची हानी नव्हे, साऱ्या समाजाची हानी होय.

अशा वेळी दोन उपाय घरोघरी चर्चेत आहेत. पहिला इंटरमिटंट फास्टिंगचा : दिवसातील सोळा तास काही न खाता उरलेल्या आठ तासांतच जेवण उरकायचे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवलेली दोन वेळांच्या जेवणाची पद्धतीही याच कुळातील आहे. दुसरा उपाय हाय इंटेन्सिटी इंटर्व्हल ट्रेनिंगचा : थोडा वेळ अगदी जोराचा व्यायाम, मग थोडी उसंत, पुन्हा जोर. या दोहोंना सरसकट डोक्यावर घेऊ नये आणि सरसकट झिडकारूही नये, अशी आमची भूमिका आहे.

उपवास हा शब्द उच्चारताना आपल्या समाजात जपूनच बोलावे लागते. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामे करून दारोदारच्या शिळ्या भाकरीवर दिवस काढले, ज्यांच्या आई-वडिलांनी 1972च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर आणि मिलोच्या लाल ज्वारीवर पोरे जगवली, त्यांना न जेवण्याचे महात्म्य कोणी सांगावे? उपासमार हा आपल्यावर लादलेला इतिहास आहे. म्हणूनच घरी आलेल्याला आग्रह करकरून वाढणे ही आपल्याकडे निव्वळ रीत नाही, तो दारिद्र्यावरचा विजय आहे. शिवाय 1956च्या धम्मदीक्षेनंतर आपण व्रतवैकल्ये सोडली. मग हे नव्या नावाचे व्रत कशासाठी, असा प्रश्न वडीलधारे विचारतात. तो प्रश्न रास्त आहे.

परंतु त्या भुकेचा एक धागा आजच्या आजाराशीही जुळतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बालकांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी 2.7 किलो वजनाची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे 3.5 किलोची. आपली बाळे हडकुळी खरी, पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. पुढे 2004 साली डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच मोजणी प्रसिद्ध केली. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3 होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! तात्पर्य, आपण वरून सडपातळ दिसलो तरी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. ज्या घराण्यांनी अपुऱ्या अन्नावर दिवस काढले, त्यांच्या लेकरांना अचानक लाभलेली खुर्ची, गोड चहा आणि रात्रीचे भरपेट जेवण महाग पडते.

मग जेवणाचे तास आवळल्याने खरोखर काय साधते? रात्रभर काही न खाल्ल्यावर यकृतातील साखरेचा साठा ओसरू लागतो आणि शरीर चरबीकडे वळते, हे खरे. पण केवळ घड्याळ पाहून जेवल्याने चमत्कार होतो, असे प्रयोगांत दिसलेले नाही. अमेरिकेतील 116 जणांच्या एका प्रयोगात दुपारी बारा ते रात्री आठ एवढ्याच वेळात जेवणाऱ्यांचे वजन बारा आठवड्यांत इतरांहून लक्षणीय उतरले नाही. चीनमधील ग्वांगझौ येथे 139 स्थूल व्यक्तींना वर्षभर मोजका आहार दिला गेला. त्यांपैकी निम्म्यांनी तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घ्यायचा होता. त्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी घटले, तर वेळेचे बंधन नसलेल्यांचे 6.3 किलोंनी. हा फरक संशोधकांना निर्णायक वाटला नाही. दोन्ही गटांना गुण आला तो मोजून खाण्याने. तास आवळल्याने रात्रीचे फरसाण आणि अवेळीचा चहा-बिस्किटांचा मारा थांबत असेल, तर ती पद्धत जरूर उपयोगी आहे. पण दोन जेवणांत चार जेवणांचे अन्न भरणाऱ्यास तिचा उपयोग नाही.

येथे आपल्या परंपरेकडे वळणे उचित ठरेल. संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकीत भगवंतांपुढे येऊन बसला. भगवंतांनी त्याला उपाशी राहण्यास सांगितले नाही. सावधपणे, मात्रा ओळखून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि त्याचे आयुष्य सुरक्षित राहते, अशा आशयाची एक गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करण्यास लावली आणि जेवणाच्या वेळी रोज म्हणण्यासाठी त्याला दररोज शंभर कार्षापण देऊ केले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले. या कथेत आहार क्रमाक्रमाने कमी झाला आहे आणि त्यासाठी राजालाही दुसऱ्याने आठवण करून द्यावी लागली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भिक्खूंच्या विकाल-भोजनाचा नियमही एका दिवसात आला नाही. आधी दुपारनंतरचे भोजन सुटले, मग रात्रीचे. रात्री न जेवल्याने प्रकृती निरोगी आणि शरीर हलके राहते, हा स्वानुभव भगवंतांनी सांगितला आहे. मात्र आजारी भिक्खूंसाठी त्याच विनयात तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे अवेळीही घेण्यास अनुज्ञा आहे. जो धम्म रुग्णासाठी नियम वाकवतो, त्याच्या अनुयायांनी नियमासाठी रुग्णाला वाकवू नये. वर्षावासात अष्टशील पाळणाऱ्या, परंतु इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्या उपासक-उपासिकांनी हे मनावर घ्यावे. औषध नेहमीचे आणि जेवण मात्र टाळलेले, अशा वेळी रक्तातील साखर एकाएकी घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्यावाचून असा उपवास करू नये.

आता व्यायामाविषयी. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांचा 1996 सालचा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. वीस सेकंद जीव तोडून सायकल मारायची, दहा सेकंद थांबायचे, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत या तरुणांची प्राणवायू वापरण्याची क्षमता रोज तासभर मध्यम व्यायाम करणाऱ्यांइतकीच सुधारली. शिवाय अल्पकाळ जोर लावण्याची शक्ती 28 टक्क्यांनी वाढली. पण ही मुले तरुण आणि खेळात मुरलेली होती. वीस वर्षे खुर्चीत बसलेल्या गृहस्थाने भ्रमणध्वनीवर पाहून उद्या सकाळी तेच करणे म्हणजे हृदयाशी जुगार खेळणे होय. शिवाय चार मिनिटांच्या व्यायामाने दम वाढेल; चार वड्यांचा हिशेब त्याने फिटणार नाही.

खरे पाहता जोर आणि उसंत यांचा हा मेळ आपल्या मैदानाला नवा नाही. कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची असते. खो-खोत धाव, दिशा आणि बैठक क्षणाक्षणाला बदलते. शाळेत जे विनामूल्य मिळाले, ते नोकरी लागताच आपण सोडले आणि आता तेच जिममध्ये पैसे मोजून शोधतो आहोत. प्रौढांनी आरंभ चालण्यापासून करावा. चंकमणाने प्रवासाची शक्ती, उद्यमाची शक्ती, आरोग्य, पचन आणि टिकाऊ एकाग्रता हे पाच लाभ होतात, असे अंगुत्तर निकायात म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोराचा व्यायाम सांगते. महिना-दोन महिने चालणे अंगवळणी पडल्यावर मध्येच एखादे मिनिट झपाट्याने चालावे, जिना चढावा. छातीत दुखत असेल, रक्तदाब वा मधुमेह असेल, तर आधी तपासणी करावी.

पालकांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. हे सर्व विवेचन प्रौढांसाठी आहे, वसतिगृहातील मुलामुलींसाठी नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 19 वयोगटातील 59.1 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशा वयात बारीक दिसण्यासाठी सकाळचा नाश्ता सोडणे हे आरोग्य नव्हे. वाढत्या वयाच्या लेकरांना भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, अंडी पोटभर मिळालीच पाहिजेत. गरोदर आणि स्तनदा मातांनाही हेच लागू आहे.

संस्थेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. मेळाव्याच्या पंगतीत जिलेबीचा आग्रह थांबवावा. वर्षातून एकदा आपल्यातीलच डॉक्टरांनी सर्वांची साखर, रक्तदाब आणि कमरेचा घेर तपासावा. संध्याकाळी मैदान माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना खुले असावे. आणि घरात प्रत्येकाला एक सुदस्सन असावा. बायकोने नवऱ्याला, लेकीने आईला, मित्राने मित्राला ताटावर प्रेमाने आठवण करून द्यावी.

सिद्धार्थ गौतमांनी राजवाड्यातील विलास सोडला आणि हाडांचा सापळा करणारे उग्र तपही सोडले. सुजातेची खीर स्वीकारल्यानंतरच ते बोधीकडे गेले. आपल्या पूर्वजांना रिकाम्या ताटाने छळले. भरल्या ताटाने आपल्याला छळू नये, एवढी मात्रा आपण शिकलो पाहिजे. संस्थेने आपल्याला लिहिण्या-वाचण्याबरोबर स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास शिकवले. ते पाय साठीनंतरही आपल्याला विहारापर्यंत चालत नेवोत, हीच मंगल कामना.