विश्लेषण : रेंजफाइंडर कॅमेऱ्याला महागडा ‘टीटीएल’ नव्हे, साधा ऑटो फ्लॅशच का परवडतो?

फिल्म महाग झाली आहे आणि एका रोलमध्ये छायाचित्रे फक्त ३६. त्यामुळे जुना रेंजफाइंडर कॅमेरा हौसेने घेणाऱ्यांना चुकीचा फ्लॅश महागात पडतो.

‘टीटीएल’ची अडचण काय?
टीटीएल पद्धतीत भिंगातून आत आलेला प्रकाश कॅमेरा स्वतः मोजतो. मात्र बहुतेक जुन्या रेंजफाइंडरमध्ये ही सोयच नाही. लायका एम ६ हा १९८४ चा कॅमेरा. त्या मालिकेत टीटीएल फ्लॅशची सोय आली ती १९९८ च्या ‘एम ६ टीटीएल’मध्ये. त्याआधीच्या कॅमेऱ्यावर महागडा टीटीएल फ्लॅश लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

ऑटो फ्लॅश काम कसे करतो?
पूर्णपणे मॅन्युअल फ्लॅशमध्ये प्रत्येक वेळी गणित करावे लागते. गाइड नंबर २० असेल आणि माणूस ५ मीटरवर असेल, तर छिद्र एफ/४. तो दोन पावले पुढे आला की गणित बदलले. ऑटो फ्लॅशच्या पुढच्या बाजूला सेन्सर असतो. फिल्मचा आयएसओ आणि छिद्र एकदा जुळवले, की समोरून परतणारा प्रकाश मोजून फ्लॅश स्वतःच बंद होतो. कॅमेऱ्याने काही सांगावे लागत नाही. लग्नाच्या गर्दीत हीच गोष्ट मोलाची.

घेताना काय पाहावे?
एकच नव्हे, दोन-तीन छिद्रांची ऑटो सोय हवी. डोके वर वळवले तरी सेन्सर समोरच पाहणारा हवा. छतावरून प्रकाश परतवता येतो. आकार लहान हवा. कॅमेऱ्याला हॉट शू आहे का, हेही तपासावे. लायकाच्या एम मालिकेतील सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत तो नव्हता. अशा कॅमेऱ्यांना केबल लागते.

मर्यादा कोणत्या?
मागे पांढरी भिंत असेल तर सेन्सर फसतो आणि चेहरा काळवंडतो. अशा वेळी छिद्र एक स्टॉप मोठे करावे. लायका एम ६ ला फ्लॅशसाठी १/५० सेकंद किंवा त्याहून संथ वेग लागतो. वेग वाढवला तर चित्राचा काही भाग काळा येतो. कॅनोनेट क्यूएल १७ सारख्या लीफ शटरच्या कॅमेऱ्यात मात्र १/५०० पर्यंत फ्लॅश चालतो. भर उन्हात चेहऱ्यावरची सावली घालवायला तो अधिक सोयीचा.

धोका कुठे?
काही जुन्या फ्लॅशच्या ट्रिगरवर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. यांत्रिक कॅमेरा तो सहसा सोसतो, पण डिजिटल रेंजफाइंडरचे सर्किट जळू शकते. म्हणून जुना फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवण्याआधी मल्टिमीटरने दाब मोजून घ्यावा. फ्लॅश स्वतः उघडू मात्र नये.

फ्लॅश कॅमेऱ्याला शोभतो की नाही, हा प्रश्न नंतरचा. ३६ पैकी किती चेहरे नीट उमटले, हिशेब त्याचाच करायचा.