मॅकवाल्यांनी खेळायचं कधी?

बारावीचे निकाल लागले की या सदराच्या वाचकांचे फोन सुरू होतात. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी, कुठूनही येवोत, प्रश्न एकच: पोराला लॅपटॉप कुठला घ्यावा? हल्ली त्यात एक नवं शेपूट जोडलं गेलंय. "मॅकबुक घ्यावं म्हणतोय, पण त्यावर गेम चालतात का हो?" हा प्रश्न विचारताना बाप आवाज खाली आणतो. गेमसाठी लाखभर रुपये घालतोय असं घरात कुणी ऐकायला नको.

उत्तर असं आहे: चालतात, पण मोजकेच. आणि आज चालतोय तो पाच वर्षांनी चालेलच याची खात्री नाही.

आपल्याकडं मॅक आला तो छापखाना, फोटो स्टुडिओ आणि लग्नाच्या व्हिडिओच्या वाटेनं. बाकी गाव विंडोजचंच. उद्यमबागेतल्या कारखान्यात डिझाइनला सॉलिडवर्क्स लागतं, ते मॅकसाठी निघतच नाही. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याची टॅली विंडोजवर. सरकारी कचेरीत कन्नड टाइप करायचं नुडी, तेही विंडोजचं. खेळाचंही तसंच झालं. वीस वर्षांपूर्वी टिळकवाडीत आणि कॉलेज रोडवर सायबर कॅफेत बसून पोरं काउंटर-स्ट्राइक नि व्हाइस सिटी खेळायची ती असेंबल्ड पीसीवर. बोर्ड एका दुकानातला, रॅम दुसऱ्या, आणि विंडोजची सीडी कुठली ते कुणी विचारायचं नाही. आपल्या दोन पिढ्यांचा हात त्या खोक्यावर बसला. मॅक उघडून त्यात नवं ग्राफिक्स कार्ड खोचता येत नाही म्हटल्यावर गेमवाला पोरगा तिकडं फिरकणार कशाला?

शहापुरात एक ओळखीचे अल्बम डिझायनर आहेत. त्यांनी एम-4 चा मॅक मिनी घेतला. हे यंत्र 2024 च्या शेवटी 59,900 रुपयांपासून बाजारात आलं आणि आकारानं चपातीच्या डब्यापेक्षाही लहान. परवा त्यांच्याकडं बसलो होतो, त्यांचा भाचाही आला होता. मुहूर्ताचे दिवस असल्यानं मामा हळदीचे फोटो लावण्यात गुंतलेले. जेवायला म्हणून ते जरा उठले आणि भाच्यानं खुर्ची पकडली. त्यानं स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आपलं खातं उघडलं. सेलमध्ये घेतलेले गेम एकाखाली एक, पण निम्म्याहून जास्त नावं राखाडी. स्टीमच्या दुकानात प्रत्येक गेमच्या पानावर छोटी खूण असते, विंडोजच्या चौकटीची किंवा सफरचंदाची. सफरचंद नसलं की पैसे भरलेला गेमही नुसता दिसतो, सुरू होत नाही. शेवटी पोरगा कंटाळला.

"मामा, ह्यात व्हॅलोरंट येत न्हाई की ओ."

"मग त्यो गेम काढलेल्यास्नी सांग की. मला काय सांगतोस?" आतून उत्तर आलं.

मामांचं बरोबर आहे. व्हॅलोरंट काढणाऱ्या रायट कंपनीनं लबाडी पकडायला व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी ठेवलाय आणि तो विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो. ॲपल आपल्या गाभ्यात बाहेरच्या कुणाला सहजी शिरू देत नाही. सुरक्षेच्या दृष्टीनं ॲपलचं धोरण चांगलंच आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण स्पर्धेचे म्हणून जे गेम आज पोरं खेळतात त्यातले बरेच याच दारात अडतात. 2023 मध्ये काउंटर-स्ट्राइक 2 आला, त्यानंही मॅक वगळला. रायटचाच लीग ऑफ लेजंड्स मात्र मॅकवर आहे. म्हणजे मनावर घेतलं तर वाट निघते. पण स्टीमच्या दरमहा पाहणीत मॅकवाले शंभरात दोनच्या आसपास. त्या दोघांसाठी कंपनीनं मनावर का घ्यावं?

हे पहिल्यापासून असं नव्हतं, हे तरुण वाचकांना सांगितलं पाहिजे. 1993 साली जगभर गाजलेला मिस्ट आधी मॅकवर आला. 1994 चा मॅरेथॉन तर मॅकचाच, तो बनवणारी कंपनी बंजी. याच बंजीचा हेलो 1999 च्या जुलैमध्ये स्टीव्ह जॉब्सनं न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्डमध्ये स्वतः मंचावरून दाखवला. मॅकवाले खूश. वर्षभरात मायक्रोसॉफ्टनं आख्खी बंजीच विकत घेतली आणि 2001 च्या नोव्हेंबरात हेलो आला तो एक्सबॉक्ससोबत, एक्सबॉक्सची ओळख बनून. मॅकच्या वाट्याला तो यायला 2003 उजाडलं. ॲपलनं बंजीला का राखलं नाही, या प्रश्नावर जुने मॅकवाले अजून तावातावानं बोलतात.

माझा मुख्य आक्षेप मात्र पुढच्या वीस वर्षांवर आहे. 2006 मध्ये मॅकमध्ये इंटेलची चिप आली आणि बूट कॅम्प आलं. त्यामुळं एकाच यंत्रावर विंडोज टाकून गेम खेळता येऊ लागले. 2010 च्या मे महिन्यात स्टीम मॅकवर आलं, स्वागत म्हणून स्टीमच्या मालक व्हॉल्व्ह कंपनीनं पोर्टल हा गेम काही दिवस फुकट वाटला. वाटलं, आता जमलं. पण 2018 मध्ये ॲपलनं गेमची चित्रं पडद्यावर उतरवणाऱ्या ओपनजीएल या यंत्रणेला निवृत्तीची नोटीस दिली आणि स्वतःच्या मेटलकडं या म्हणून सांगितलं. 2019 च्या कॅटालिना या मॅकओएसनं 32-बिट प्रोग्रामच बंद केले. त्यात शेकडो जुने गेम गेले आणि तो फुकट वाटलेला पोर्टलही गेला. 2020 मध्ये एम-1 चिप आली. यंत्र झकास, पण बूट कॅम्प संपलं. गेम बनवणाऱ्याच्या जागी बसून बघा. दर चार-पाच वर्षांनी जमीन बदलते, प्रत्येक वेळी गेम नव्यानं जुळवायचा खर्च त्याच्या माथी, आणि गिऱ्हाईक शंभरात दोन.

"पुढच्या वर्षी नक्की" हे आश्वासन सीमाभागातल्या माणसाला नवं नाही. 2004 साली सुप्रीम कोर्टात गेलेला सीमाप्रश्नाचा दावा अजून तिथंच आहे. मॅकवरचा गेमर त्याच जातकुळीचा. दर जूनमध्ये ॲपलची परिषद बघायची आणि यंदा होणार म्हणायचं.

यंत्राच्या ताकदीबद्दल आता वाद उरलेला नाही, हेही तितकंच खरं. 2022 मध्ये रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज आला, 2023 मध्ये बाल्डर्स गेट 3. 2025 च्या 20 मार्चला ॲसॅसिन्स क्रीड शॅडोज बाकी जगाबरोबर त्याच दिवशी मॅकवर आला, असं फार क्वचित घडतं. त्याच जुलैमध्ये सायबरपंक 2077 आला. चांगला चालतो, फक्त मूळ गेम 2020 चा. शिवाय त्याला किमान 16 जीबी मेमरी लागते आणि हे दोन्ही गेम भरले की 256 जीबीच्या यंत्रात फोटोंना जागा उरत नाही. मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. अर्धा-पाऊण तास जड गेम चालवला की अंग तापतं आणि चाल मंदावते. बेळगावची हवा थंड खरी, पण तेवढ्यानं भागत नाही.

एअरच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आपल्या खेड्यांत लाखमोलाची आहे. हेस्कॉमची वीज गेल्यावर गेमिंग लॅपटॉप तासा-दीड तासात मान टाकतो. मॅकबुक हलक्याफुलक्या गेमवर संध्याकाळ काढतं.

व्हॉल्व्हनं लिनक्सवर काय केलं तेही बघा. विंडोजचे गेम जसेच्या तसे लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन बनवलं, सरळ खेळणाऱ्याच्या हातात दिलं, 2022 मध्ये त्यावर स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र काढलं. 2023 मध्ये लिनक्सनं स्टीमवर मॅकला मागं टाकलं. ॲपलनंही 2023 मध्ये त्याच धर्तीचं गेम पोर्टिंग टूलकिट काढलं, पण दिलं कुणाला, तर गेम बनवणाऱ्यांना चाचणीपुरतं. खेळणाऱ्यानं पैसे मोजून विंडोजचे गेम मॅकवर चालवणारं क्रॉसओव्हर घ्यावं किंवा गप्प बसावं. या कंजूषपणाला काही अर्थ नाही.

गेम बनवणाऱ्याच्या अडचणीचं मराठी मुलखातलं उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं. 2017 मध्ये त्यांच्या 'राजी' या गेमसाठी लोकवर्गणी पुरेशी जमली नाही, तरी नेटानं तो 2020 मध्ये पूर्ण केला. आधी निन्टेन्डो स्विचवर आणि मग विंडोज, प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवर आला, मॅकचं नाव यादीत नव्हतं. मूठभर माणसांच्या स्टुडिओला मी याबद्दल दोष देणार नाही. पाच ठिकाणी गेम जुळवायची ऐपत नसेल तर जिथं गिऱ्हाईक आहे तिथंच जायचं.

आता थोडी गंमत. बेळगावहून निपाणीला जाताना हायवेवर हत्तरगी लागतं, तिथं एकस कंपनीचा सेझ आहे, विमानांचे सुटे भाग बनतात. याच एकसकडं मॅकबुकच्या भागांच्या चाचण्या चालू असल्याच्या बातम्या पेपरात आल्या होत्या. ते प्रत्यक्षात आलं तर मॅकचं अंग आपल्या भागातली कंपनी घडवेल, आणि आपल्या पोरांना त्यावर व्हॅलोरंट मात्र खेळता येणार नाही.

पुढं काय? ॲपलनं 2025 मध्ये सांगून टाकलंय की इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपवर चालवणारं रोझेटा मॅकओएस 27 पर्यंतच पूर्ण मिळेल. त्यापुढं त्याचा काही भाग जुन्या, कुणी वाली न उरलेल्या गेमसाठी ठेवणार आहेत. गेमवाल्यांसाठी ॲपलनं असा अपवाद जाहीर करावा याचं मला अप्रूप वाटलं. पण खरं बळ तेव्हाच येईल जेव्हा ॲपल लेखी सांगेल की आज विकलेला गेम दहा वर्षं चालेल. ते होईपर्यंत मोठे गेम मॅकवर उशिरा आणि तुरळकच येतील, असं माझं मत आहे.

तेव्हा फोन करणाऱ्या बापांना माझं सांगणं असं. पोरगं एडिटिंग, डिझाइन किंवा ॲपचं शिक्षण घेणार असेल तर मॅकबुक बिनधास्त घ्या, गेम जे मिळतील ते वरकड समजा. मेकॅनिकलला जाणार असेल किंवा गेम हाच त्याचा जीव असेल, तर साठ-सत्तर हजारांचा ग्राफिक्स कार्डवाला विंडोज लॅपटॉप घ्या आणि सोबत चांगला स्टॅबिलायझरही. दुकानात जायच्या आधी मात्र पोराला शेजारी बसवा, त्याच्या आवडीच्या दहा गेमची नावं लिहून घ्या आणि स्टीमवर एकेकाचं पान उघडून सफरचंदाची खूण आहे का ते बघा. दहात सहाच्या खाली आली, तर मॅकचा विषय तिथंच सोडा.