‘डिजिटल’ नावाचा गैरसमज : ‘क्लास-डी’ ॲम्प्लिफायरची साठ वर्षे

१/१२
उंची संगीतयंत्रांच्या जगात आज ‘डिजिटल ॲम्प्लिफायर’ हा शब्द दोन टोकांच्या अर्थांनी वापरला जातो. विक्रेत्याच्या तोंडी ती आधुनिकतेची ग्वाही असते, तर जुन्या रसिकाच्या तोंडी तोच शब्द जवळजवळ शिवी ठरतो. दोघेही एकाच चुकीवर उभे आहेत. ज्या यंत्राविषयी हा वाद आहे, ते बहुतांशी डिजिटल नाहीच.

२/१२
अभियंत्यांनी ॲम्प्लिफायरच्या प्रकारांना ए, बी, सी अशी अक्षरे दिली होती. त्यानंतर आलेल्या पद्धतीला ओघानेच ‘डी’ मिळाले. या ‘डी’चा ‘डिजिटल’शी संबंध नाही. तो क्रमाने आलेला आहे, गुणाने नव्हे. तरीही पुढे जाहिरातीने हा योगायोग उचलला आणि संज्ञेचा इतिहास पुसून टाकला.

३/१२
मूळ अडचण उष्णतेची होती. जुन्या ‘क्लास-ए’ पद्धतीत संगीत सुरू असो वा नसो, वीज सतत वाहते. तिची कार्यक्षमता सिद्धान्तानेही ५० टक्क्यांपलीकडे जात नाही. ‘क्लास-बी’ची कमाल मर्यादा सुमारे ७८.५ टक्के आहे, पण तीही पूर्ण आवाजात. संगीत बहुतेक वेळ मंद असते आणि तेव्हा विजेचा मोठा वाटा उष्णता होऊन वाया जातो.

४/१२
यावरची युक्ती साधी होती. नळ अर्धवट उघडा ठेवून धार सांभाळण्याऐवजी तो पूर्ण उघडायचा आणि पूर्ण बंद करायचा, पण इतक्या वेगाने की बादलीत पडणारे पाणी हवे तेवढेच भरावे. ‘क्लास-डी’तील ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा असेच उघडतात आणि मिटतात. पूर्ण उघड्या किंवा पूर्ण बंद स्थितीत त्यांच्यात वीज फारशी जळत नाही. म्हणूनच चांगल्या रचनेची कार्यक्षमता ९० टक्क्यांपर्यंत पोचते.

५/१२
यात ‘डिजिटल’ काय? वीज चालू किंवा बंद एवढ्याच दोन अवस्थांत असते, हे खरे. परंतु संगीत त्या अवस्थांत नसून प्रत्येक स्पंदाच्या रुंदीत साठवलेले असते, आणि ती रुंदी अखंडपणे कमीजास्त होते. तिथे आकडे नाहीत, मोजपट्टीच्या रेघा नाहीत. शेवटची गाळणी हे वेगवान स्पंद अडवते आणि स्वर तेवढा पुढे सोडते.

६/१२
या कल्पनेचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश अभियंता ॲलेक रीव्ह्ज यांना दिले जाते. काळ १९५० च्या दशकाचा. विशेष हे की, आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या ‘पल्स कोड मॉड्युलेशन’चे जनकही तेच. खऱ्या डिजिटल ध्वनीचा पाया घालणाऱ्या माणसाची ही दुसरी कल्पना मात्र डिजिटल नव्हती. नामसाधर्म्याने इतिहास कसा गुंततो, याचे याहून बोलके उदाहरण विरळाच.

७/१२
१९६४ मध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने ‘एक्स-१०’ हा संच बाजारात आणला. नावातून १० वॅटची अपेक्षा निर्माण होई, पण प्रत्यक्षात जेमतेम अडीच वॅट मिळत. कल्पना बरोबर होती, साहित्य अपुरे होते. त्या काळचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर एवढ्या झपाट्याने उघडझाप करण्यास समर्थ नव्हते. ‘क्लास-डी’ची अपकीर्ती येथे सुरू झाली आणि साहित्य बदलल्यावरही ती दशकानुदशके टिकली.

८/१२
सुटकेची एक वाट सिलिकॉनच्या वेगवान मॉस्फेटने दिली. दुसरी वाट त्याहून जुनी होती. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत बेल प्रयोगशाळेच्या हॅरॉल्ड ब्लॅक यांना ऋण प्रतिपुष्टीची, म्हणजे ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची, कल्पना सुचली. हाताशी असलेल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्यांनी ती टिपून ठेवली. गायक जसा आपला स्वर तंबोऱ्याशी सतत ताडून सावरतो, तसे यंत्र आपले उत्पादन मूळ संकेताशी ताडून चूक दुरुस्त करते.

९/१२
१९९८ मध्ये डेन्मार्कच्या ‘टॅक्ट’ कंपनीचा ‘मिलेनियम’ आला. सीडीवरील आकडे तो थेट स्पंदांत बदलत असे. त्याला ‘डिजिटल’ म्हणणे सर्वस्वी योग्य होते. पण आकडे कितीही निर्दोष असले तरी शेवटी लाउडस्पीकरपर्यंत पोचते ती वीजच. पुरवठ्यातील हेलकावे आणि ट्रान्झिस्टरांचा विलंब तिच्यात उतरतोच. ते झाकायचे तर पुरवठा अतिशय शुद्ध ठेवावा लागतो, नाहीतर शेवटच्या टोकाला लक्ष ठेवणारा कान लागतो.

१०/१२
तो कान बेल्जियन अभियंता ब्रूनो पुट्झेज यांनी घडवला. फिलिप्समधील ‘यूसीडी’, हायपेक्समधील ‘एनकोर’ आणि २०१९ मधील प्युरिफायचे ‘आयगेनटाक्ट’ या साऱ्यांचे मर्म ब्लॅक यांच्या त्याच कल्पनेत आहे. प्रतिपुष्टी गाळणीच्याही पलीकडून घेतली की गाळणीचे दोषही सावरले जातात. या रचनांची विकृती मापनयंत्रांच्या मर्यादेपाशी पोचली आहे. प्युरिफायमधील त्यांचे सहकारी लार्स रिस्बो हे पूर्वी ‘मिलेनियम’मागील तंत्राचे शिल्पकार होते, हेही लक्षात घेण्याजोगे. आजच्या ‘डिजिटल’ ॲम्प्लिफायरची श्रेष्ठता अशी ॲनालॉग आत्मपरीक्षणातून आली आहे.

११/१२
तेव्हा ‘डिजिटल म्हणून कोरडा’ हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. तो १९६४ च्या यंत्राचा दोष आजच्या यंत्राच्या माथी मारतो. मात्र ‘नवे म्हणून श्रेष्ठ’ हा उलट दावाही तितकाच पोकळ आहे. उत्तम रीतीने बांधलेला जुना ‘क्लास-एबी’ ॲम्प्लिफायर आजही उत्तम वाजतो. शिवाय त्याचे सुटे भाग हाताला येतात, गल्लीतला कारागीर तो उघडून दुरुस्त करू शकतो. नव्या मॉड्यूलवरील कणाएवढे घटक बिघडले तर बहुधा सबंध पट्टीच बदलावी लागते. विजेची बचत मोजताना टाकून दिलेल्या यंत्रांचा हिशेबही मांडला पाहिजे. तो मांडायचा तर उत्पादकांनी आराखडे आणि सुटे भाग खुले ठेवले पाहिजेत, आणि ग्राहकांनी स्वरशुद्धीइतक्याच आग्रहाने ते मागितले पाहिजेत.

१२/१२
इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोन धडे मिळतात. पहिला : अपयशी ठरलेला पहिला प्रयत्न म्हणजे चुकीची कल्पना नव्हे. कधी कधी कल्पनेला तिच्या साहित्याची वाट पाहावी लागते. दुसरा : वस्तूचे नाव हा तिच्याविषयीचा पुरावा नसतो, ते फक्त नाव देणाऱ्यांविषयी काही सांगते. कोणत्याही झळझळीत पाटीपाशी थांबून ‘हे नाव कोणी, केव्हा आणि कशासाठी दिले?’ असे विचारणे हीच इतिहासदृष्टीची सुरुवात होय.