‘गुदमरून मृत्यू’ म्हणू नका



सेप्टिक टाकी साफ करायला दोन भाऊ गेले होते. धाकटा आत कोसळला. त्याला काढायला थोरला उतरला, तोही वर आला नाही. मी रुग्णालयात नोकरीला असताना दोघांना आमच्याकडे आणलं, तेव्हा उशीर झाला होता. थोरल्याच्या हातातलं चांदीचं कडं काळं पडलेलं मला अजून आठवतं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘गुदमरून दोघांचा मृत्यू’. ते काळं कडं वेगळंच सांगत होतं.

चांदी काळी करणारा तो वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. मैला कुजला की तो तयार होतो. तो शरीरात काय करतो, ते समजून घ्या.

आपण खाल्लेल्या भाकरीची ताकद पेशीत तयार होते. पेशीतल्या तंतुकणिका श्वासातला ऑक्सिजन वापरून अन्नापासून ऊर्जा काढतात. ऑक्सिजन वापरण्याचं शेवटचं काम सायटोक्रोम ऑक्सिडेज नावाचं विकर करतं. हायड्रोजन सल्फाइड नेमकं त्यालाच जखडतो. सायनाइडचं विषही तिथेच घाव घालतं. मग रक्तात ऑक्सिजन असला तरी पेशीला तो वापरता येत नाही. चुलीत लाकूड आहे, वाराही आहे, पण जाळच धरत नाही, तशी गत. मेंदू आणि हृदयाला क्षणोक्षणी ऊर्जा लागते, म्हणून तेच आधी बंद पडतात.

“वास आला की वर येऊ,” असं आपली पोरं म्हणतात. नाकावर विसंबू नका. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत हा वायू १०० भागांच्या आसपास गेला की थोड्याच वेळात नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका गेला, असं वाटतं. ७०० च्या पुढे एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. गाळ ढवळला की एकदम उसळतो. म्हणून आदल्या दिवशी झाकण उघडं ठेवणं किंवा तोंडाला ओला रुमाल बांधणं, यांनी जीव वाचत नाही.

माझं म्हणणं एवढंच : ‘गुदमरला’ म्हटलं की तो अपघात ठरतो, कुणाचाच दोष उरत नाही. ‘विषारी वायूत उतरवला’ म्हटलं की प्रश्न येतो, कुणी उतरवला? सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. म्हणून शवविच्छेदनाचा आग्रह धरा, अहवालाची आणि एफआयआरची प्रत मागा. ठेकेदाराने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

आणि कुणी आत पडलाच, तर मागून उतरू नका. काळीज तुटेल, पण १०१ आणि १०८ ला फोन करा. एका घरातून दोन तिरड्या निघू नयेत.

मुळात पाचशे-हजार रुपयांसाठी आपला पोरगा टाकीत उतरणार नाही, हे वस्तीने एकदा बसून ठरवायला हवं. ते काम यंत्राचं आहे.