वंशावळ आणि खर्चाची वही

वाचकहो, तंजावराहून पट्टुक्कोट्टैकडे निघालेल्या प्रवाशास वाटेत ओरत्तनाडु हे गाव लागते. तेथील एका जुन्या दगडी वास्तूस लोक ‘मुक्तांबाळ चत्तिरम्’ म्हणतात. तमिळ ‘चत्तिरम्’ म्हणजे आपले अन्नछत्र. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७७७–१८३२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, आपल्या दिवंगत प्रिय सहचरीच्या, मुक्तांबेच्या, स्मरणार्थ हे छत्र उभारले. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथे अन्न व आसरा मिळे.

१७९९ च्या तहाने सरफोजींचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. परंतु छत्रांचा कारभार आपल्याकडेच राहावा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रज रेसिडेंटास १८०१ मध्ये धाडलेल्या पत्रात त्यांनी छत्रांच्या कार्याचे वर्णन केले आहे. कोणत्याही जातीच्या वाटसरूस तेथे अन्न मिळे. आजाऱ्यास औषध व पथ्याचे जेवण मिळे, बाळंतिणीची शुश्रूषा होई, पोरक्या तान्ह्या मुलांना दूध दिले जाई. वाटेतच कोणी मरण पावले, तर त्याचे अंत्यसंस्कारही छत्राकडून होत.

याच राजांनी १८०३ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावरी स्थापिलेल्या गादीची परंपरा त्यात सांगितली आहे. कोठल्याही वंशावळीचे कार्य हेच, की कोणानंतर कोण आले ते सांगावे. परंतु मुक्तांबा ही विवाहित राणी नव्हती. तिचे नाव टिकले ते छत्रामुळे आणि छत्राच्या कारभारामुळे. जेथे रोज चूल पेटते, तेथे धान्याचा हिशेब ठेवावा लागतो, माणसे नेमावी लागतात, त्यांचे वेतन लिहावे लागते. राजघराण्याच्या बखरीत ज्यांना जागा नाही, ती माणसे अशा कागदांतूनच आपणांस भेटतात.

सुदैवाने तंजावर दरबारचे मोडी लिपीतील पुष्कळ कागद टिकले आहेत. ते सरस्वती महाल ग्रंथालय आणि इतर संग्रहांत विखुरलेले असून, त्यांतील निवडक कागदांचे तमिळ अनुवाद तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले आहेत. अनुवादाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्यास यात एक खंत जाणवते. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही तमिळनाडूत आहेत, पण त्यांतील बहुतेकांना मोडी येत नाही. आणि महाराष्ट्रातील आपणांस तरी ती कोठे येते? पूर्वजांचे मराठी समजून घेण्यासाठी कित्येक मराठी कुटुंबांना आता तमिळचाच आधार घ्यावा लागतो.

ही गोष्ट फक्त राजवाड्यापुरती नव्हे. आमच्या घरीही एका लाल रुमालात बांधलेले मोडी कागद होते. घर बदलताना ‘वाचता कोणाला येतात?’ असे म्हणून ते रद्दीत गेले. एक कागद तेवढा पोथीत राहिला होता. पुढे जाणकाराकडून तो वाचवून घेतला, तेव्हा कळले की तो पणजीच्या बाळंतपणाचा खर्च होता : तूप, खारीक, सुईणीचे लुगडे. आमच्या वंशावळीत पणजीचे नावसुद्धा नाही.

म्हणून, वाचकहो, घरी असा रुमाल असेल तर तो जपावा. कागद ज्या क्रमाने बांधले असतील तो क्रम मोडू नये. फाटक्या कागदास चिकटपट्टी लावू नये. प्रत्येकाचे छायाचित्र घ्यावे. घरातील वडीलधाऱ्यांना आजी-पणजींची माहेरची नावे आणि गावे विचारून आजच लिहून ठेवावीत. मराठी कागदांवर ‘शके’ असेल, तर त्यात ७८ मिळविल्यास बहुधा इसवी सन निघतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे. सुहूर सन असल्यास ५९९ किंवा ६०० मिळवावे. ‘सन १२०१’ दिसले म्हणून कागद बाराशे एकचा समजू नये. तो १८००–०१ चा असू शकेल.

त्यानंतर संग्रहांकडे वळावे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळही त्याच नगरात आहे. दक्षिणेतील कुटुंबांनी सरस्वती महालाबरोबरच चेन्नईच्या तमिळनाडु पुराभिलेखागाराचाही विचार करावा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कित्येक पिढ्यांची नावे सापडतात. मात्र तेथे जाताना ‘आमचे घराणे किती थोर’ एवढेच शोधू नये. जमीन, कर्ज, वेतन, दान आणि स्वयंपाकघर यांचेही कागद मागावेत.

मोडी ही काही दुर्बोध विद्या नव्हे. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांत शिकविली जात असे. आजही तिचे वर्ग चालतात. प्रत्येक कुटुंबातील एका मुलाने वा मुलीने जरी ती शिकून घेतली, तरी आपल्या घरचा रुमाल रद्दीत जाणार नाही, आणि त्यात नाव असलेली एखादी पणजी आपल्या माणसांत परत येईल.