वाद इको सेन्सिटिव्हचा, पण मोठ्या फुलपाखराचा जीव कुंपणावरच्या वेलीत

सावंतवाडी-दोडामार्ग : इको सेन्सिटिव्हचं नाव निघालं की गावागावात पहिला प्रश्न येतो, आमच्या बागायतीचं काय? मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्यातल्या २५ गावांबाबत केंद्राला आदेश दिला. जुलैअखेर केंद्राचा सहावा मसुदा आला. पश्चिम घाटातलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे, पैकी १७,३४० महाराष्ट्रातलं. बंदीचा रोख खाणी, औष्णिक वीजप्रकल्प, लाल यादीतले उद्योग आणि मोठी बांधकामं यांच्यावर आहे. खाणी थांबायलाच हव्यात. पण डोंगरातलं सगळंच त्याने वाचेल, असं नाही.

सदर्न बर्डविंगचं बघा. काळे पंख, मागचे सोनेरी पिवळे, पसरले की जवळपास वीतभर. १९३२ पासून भारतातलं सर्वात मोठं फुलपाखरू म्हणून याच्याच एका नमुन्याची नोंद होती, १९० मिलिमीटर. २०२० मध्ये उत्तराखंडच्या गोल्डन बर्डविंगने ४ मिलिमीटरने तो मान घेतला. आपलं हे फुलपाखरू दक्षिणेकडच्या डोंगरांतच, मुख्यतः सह्याद्रीत राहतं.

मध प्यायला त्याला घाणेरीचं फूलही चालतं. अंगणात दिसलं की आपण मोबाईल काढतो आणि वाटतं, बरं चाललंय. खरी अडचण पिल्लांची आहे. मादी अंडी घालते ती सापसनच्या कुळातल्या वेलींवर. सापसनला काही ठिकाणी ईश्वरी म्हणतात. सुरवंट दुसरा पाला खातच नाही. वेलीतलं विष तो अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पक्ष्यांपासून वाचतो, पण कोयता आणि ग्रासकटरपुढे काय करणार?

पावसाळा सरला की काजूच्या बागा साफ होतात. तेव्हा बांधावरची, कुंपणावरची वेल ‘रान’ म्हणून जाते, सुरवंटासकट. रबरासाठी अख्खा डोंगर उघडा केला तर वेल चढायला झाडच उरत नाही. पुढे वणवा लागला की कोष जागच्या जागी जळतात. मसुद्यातल्या बंद्या कुंपणापर्यंत पोचत नाहीत, तिथे मालकाचाच शब्द चालतो.

सापसनची मुळं सापाच्या विषावर म्हणूनही खणली जातात. हे तर दुहेरी नुकसान. या वेलीतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडन्या निकामी करतं, कॅन्सरचाही धोका असतो. साप चावला तर थेट सरकारी दवाखाना गाठायचा, इलाज प्रतिविषाच्या इंजेक्शनचाच.

वेल ओळखायला अवघड नाही. फूल लहान नळीसारखं, बुडाशी फुगीर. फळ सुकून उघडलं की टांगलेल्या टोपलीसारखं दिसतं, आत चपट्या बिया. बांधाच्या एका कोपऱ्यात ती ठेवली म्हणून काजूचं उत्पन्न घटत नाही.