कुणीतरी वाट पाहणारे हवे

निवृत्तीनंतर वर्ष-दीड वर्षाने अनेकजण तक्रारींची यादी घेऊन डॉक्टरांकडे येतात. रात्री झोप लागत नाही, भूक मंदावली आहे, पोट साफ होत नाही, छातीत धडधडते, नावे आठवत नाहीत. रक्त तपासले जाते, ईसीजी काढला जातो, थायरॉइडही पाहिले जाते. पुष्कळदा अहवाल वयाला साजेसेच येतात. मग ‘दिवसभर काय करता?’ असे विचारले की ठरलेले उत्तर येते : ‘काही नाही, घरीच असतो.’ सगळ्या दुखण्यांचे मूळ या उत्तरात असते असे मुळीच नाही. पण केसपेपरवर रक्तदाब आणि साखर लिहिली जाते, हे उत्तर मात्र लिहायचे राहून जाते. आणि उपचार झोपेच्या गोळीवर थांबतो.

निवृत्तीची तयारी म्हणजे पैशांची तयारी, असेच आपल्याकडे मानले जाते. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, मुदतठेवी, आरोग्यविमा यांचे हिशेब दहा वर्षे आधी सुरू होतात. सोमवारी सकाळी साडेनऊला नेमके कुठे जायचे, हा विचार मात्र निरोप समारंभातला हार सुकल्यावर सुरू होतो. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. त्यापुढे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य सहज असू शकते. एवढा मोठा काळ ‘आता आराम’ या दोन शब्दांवर निघत नाही.

पगारासोबत आणखी काय जाते?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारीएन्थाल नावाची गिरणी कामगारांची वस्ती होती. लोकसंख्या सुमारे दीड हजार. १९२९-३०च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला; तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. भत्ता तुटपुंजा असल्याने घरोघरी ओढाताण होतीच. पण संशोधकांना चकित केले ते वेगळ्याच गोष्टींनी. आता वेळच वेळ होता, वाचनालयात पुस्तकांना पैसे पडत नव्हते, तरी वाचायला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चाल मंदावली, ते मध्येच थांबून राहत. दिवसभरात काय केले ते लिहा म्हटले, तर उठणे, जेवणे, झोपणे यांपलीकडे त्यांना फारसे लिहिता येईना. बायका मात्र भराभर चालत. गिरणीतली मजुरी त्यांचीही गेली होती. पण चूल, मुले आणि धुणे यांनी त्यांचा दिवस बांधून ठेवला होता.

पुढे याहोडा यांनी नोकरी माणसाला पगाराखेरीज काय देते, याची पाच कलमे मांडली : दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरच्या माणसांशी रोजचा संबंध, अनेकांनी मिळून करायच्या कामातला वाटा, समाजातली ओळख आणि हातापायांना नियमित चलनवलन. मुंबईच्या गिरणगावाला यातले पहिले कलम समजावून सांगावे लागणार नाही. भोंगा पाळी बदलण्यासाठी वाजे, पण डबा, पाणी, मुलांची शाळा असा अवघ्या चाळीचा दिवस त्यावर चाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यातले हजारो पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. त्यांचा पगार गेला आणि दिवसाचा भोंगाही गेला.

निवृत्त माणसाची स्थिती बेकारापेक्षा बरी असते. त्याला निवृत्तिवेतन असू शकते, आणि निवृत्त होण्यात कमीपणा नसतो. पण ही पाचही कलमे त्याच्याही हातून एकाच संध्याकाळी सुटतात. त्यांची भरपाई टीव्ही करत नाही. मोबाइलवरच्या ‘शुभ सकाळ’च्या फुलांनीही ती होत नाही.

हेतू आणि प्रकृती

आयुष्याला हेतू असणे ही केवळ कीर्तनात सांगायची गोष्ट राहिलेली नाही. तिचा प्रकृतीशी असलेला संबंध मोजून पाहण्यात आला आहे. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या सुमारे सात हजार जणांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आयुष्याला दिशा आहे असे ज्यांना सर्वांत कमी वाटत होते, त्यांच्यातील मृत्यूचा धोका, तसे सर्वाधिक वाटणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २.४ पट होता. जपानमध्ये ‘इकिगाई’, म्हणजे जगण्यात काही राम आहे असे वाटते का, हा प्रश्न ४३ हजारांहून अधिक प्रौढांना विचारून सात वर्षे पाठपुरावा केला गेला. निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला.

इथे सावध राहायला हवे. ज्याची तब्येत मुळात चांगली, त्यालाच उमेद असते, असेही असू शकते. संशोधक वय, आजार, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब वजा करून पाहतात, तरी शंका पुरती फिटत नाही. म्हणूनच बाल्टिमोर शहरातला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. तिथे साठीपुढच्या इच्छुकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली. एका गटातील लोक आठवड्याला किमान १५ तास सरकारी प्राथमिक शाळांत जाऊन मुलांना वाचायला मदत करत, ग्रंथालय सांभाळत. खर्चापुरते किरकोळ मानधन मिळे, पगार नव्हे. यांपैकी काहींच्या मेंदूचे दोन वर्षे स्कॅन केले गेले. या वयात स्मृतीशी निगडित भाग आकसत जातो. शाळेत जाणाऱ्यांत, विशेषतः पुरुषांत, तो आकसण्याऐवजी किंचित वाढलेला आढळला. एका प्रयोगावरून स्मृतिभ्रंशावर औषध सापडले असे कुणी म्हणू नये. तरी दिशा स्पष्ट आहे.

यात चमत्कार काहीच नाही. ठरावीक वेळी बाहेर पडणाऱ्याला सकाळचे ऊन मिळते, त्याने शरीराचे घड्याळ लागते, दुपारची लांबलचक झोप टळते आणि रात्री डोळा लागतो. जिने चढावे लागतात, म्हणून मांड्यांचे स्नायू टिकतात. पडण्याचा धोका कमी होतो. नवी नावे लक्षात ठेवावी लागतात, चार लोकांचे ऐकून घ्यावे लागते. आणि दुसऱ्या दिवशी कुणी वाट पाहणार असेल, तर रक्तदाबाची गोळीही आठवणीने घेतली जाते.

घरकामाला निवृत्ती नसते

या चर्चेत एक मोठा वर्ग नेहमी विसरला जातो. बिनपगारी कामात ज्यांचे सगळे आयुष्य गेले, त्या स्त्रियांचा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे पाच तास आणि दीड तास. शिवाय ज्या पुरुषांनी घरकामाला हातच लावला नाही, ते या सरासरीत धरलेलेही नाहीत.

केवळ गरज असण्याने माणूस सुखी होत असता, तर आपल्या घरांतल्या बायका सर्वांत सुखी असत्या. गरज असणे आणि गृहीत धरले जाणे यांत फरक आहे. ज्या कामाला ‘आज नाही जमणार’ असे म्हणण्याची सोय नसते, ते समाधान देत नाही, थकवा देते. नवरा निवृत्त झाला की अनेक घरांत तिचे काम वाढते : दुपारी चहाचा आणखी एक कप, जेवायला गरम पोळी आणि वर स्वयंपाकघरातल्या सूचना. निवृत्त पुरुषाला नवा उद्योग शोधायचा असेल तर सुरुवात इथूनच करावी. ‘मदत’ नको, एक अख्खे काम अंगावर घ्यावे. दळण, भाजी आणि रात्रीची भांडी आजपासून माझी, असे. त्यामुळे मोकळ्या झालेल्या वेळात तिला भजनी मंडळ, वाचनालय, मैत्रिणी किंवा नुसते स्वस्थ बसणे यांतले जे हवे ते करू द्यावे.

नातवंडांचेही तसेच. आठवड्यातून काही तास नातवंडे सांभाळणे हा आनंद असतो. दोन लहान मुले रोज दहा तास, तीही विचारल्याशिवाय, ही नोकरीच झाली. आणि तिला रजाही नाही.

काम निवडताना

बिनपगारी काम निवडताना तीन कसोट्या पुरेशा आहेत. एक, त्याला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ हवी. दोन, आपण गेलो नाही तर कुणाचे तरी अडायला हवे. तीन, त्यात थोडे नवे शिकावे लागायला हवे. बागकाम, संगीत, वाचन हे छंद उत्तमच. पण दुसरी कसोटी त्यांतले एकट्याने जोपासलेले छंद पार करत नाहीत. म्हणून त्यांच्या जोडीला आठवड्यातले निदान दोन दिवस माणसांसाठी राखावेत.

अशी कामे शोधायला लांब जावे लागत नाही. क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिने चालतात. बरे वाटू लागले की अनेक रुग्ण गोळ्या सोडतात आणि जंतू औषधाला दाद देईनासे होतात. अशा रुग्णाकडे नियमित जाऊन ‘आजची गोळी घेतली का?’ असे विचारणारा शेजारचा निवृत्त पोस्टमन उपचार पार पाडायला मोठा हातभार लावतो. आरोग्य खात्याच्या क्षयरोग केंद्रात अशा उपचार-सहायकाची सोय आहे. ‘नि-क्षय मित्र’ होऊन रुग्णाच्या आहाराचा भारही उचलता येतो. सरकारी रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठे, योजनेचा अर्ज कसा भरायचा, हे खेड्यातून आलेल्या माणसाला सांगणारे कुणी नसते. बँकेत तीस वर्षे अर्ज तपासलेल्याला हे काम डाव्या हाताचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे पडलेल्या चार मुलांना वाचायला शिकवणे, अंधांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणे, अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याजवळ तासभर बसून त्याच्या घरच्यांना मोकळे करणे, हीही कामेच आहेत.

एक अडचण असते ती पदाची. ‘माजी’ हा शब्द अनेकांना पाटीवरून काढवत नाही. सेवेला गेले तरी त्यांना अध्यक्षाची खुर्ची लागते. नव्या जागी आपण उमेदवार आहोत, हे ज्याला हसत स्वीकारता येते, तोच तिथे रमतो.

उपदेशाच्या मर्यादा

समाधानाच्या गोष्टी पोट भरलेल्यांनाच सांगाव्यात. श्रावणबाळ योजनेच्या महिन्याला १,५०० रुपयांत घर चालवणाऱ्याला आणि सत्तरीतही खुरपणीला जाणाऱ्या शेतमजूर बाईला निवृत्ती ठाऊकच नाही. त्यांना पुरेसे निवृत्तिवेतन हवे. हेतूची प्रवचने हा त्याला पर्याय नाही. हाताला काम मागणाऱ्या तरुणालाही ‘पैशाविना काम कर’ असे सुचवणे क्रूरपणाचे आहे.

शिवाय सगळेच रिकामपण कामाने भरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच मन न लागणे, जेवण तुटणे, पहाटेच जाग येणे ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. तिथे ‘मन रमवा’ हा सल्ला पुरत नाही, उपचार लागतात. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. चारचौघांत जाणे टाळणाऱ्याचे कानही तपासावेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस एकटा पडतो, आणि बहिरेपण व एकटेपण दोन्ही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात.

घरात कुणाची निवृत्ती वर्षभरावर आली असेल, तर गुंतवणुकीच्या कागदांसोबत आठवड्याचे कोरे वेळापत्रकही समोर ठेवावे आणि नोकरी सुटण्याआधीच त्यात दोन वार भरावेत. डॉक्टरांनीही साठीपुढच्या रुग्णाच्या केसपेपरवर रक्तदाब आणि साखरेखाली आणखी एक ओळ लिहावी : उद्या सकाळी यांची वाट कोण पाहणार आहे? ती ओळ कोरी राहत असेल, तर तपासणी अपुरी आहे.